थंड भिंत

रमाकांतने भिंतीवरचा शेवटचा उंचवटा विटेच्या तुकड्याने घासला आणि खोलीभर पांढरी भुकटी भुरभुरली. दारात उभ्या असलेल्या कुसुमावतीने नाकाला पदर लावला.

"अहो, तोंडाला फडकं तरी बांधा. किती खोकताय."

"खोकला कोळशाचा आहे," तो म्हणाला. "ही बिचारी काय करणार? कापसाहून मऊ आहे."

लोको शेडमध्ये इंजिनांच्या बॉयलरवर अ‍ॅसबेस्टॉसचा लेप चढवण्यात नवऱ्याची उमर गेली होती, हे तिला ठाऊक होतं. आत आग भडकलेली असली तरी लेपावर हात टेकवता येतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे. त्याच्या जोडीचे गोविंदराव दम लागून लागून गेले. जयसिंगला आता दोन पायऱ्या चढवत नाहीत. सगळ्याचं खापर कोळशावर फुटलं. कोळसा उगाळावा तितका काळा. त्या शेडमध्ये ही एकच वस्तू पांढरीशुभ्र, आणि रमाकांतचा तिच्यावर भारी जीव.

लक्ष्मी गेटजवळच्या त्या जुन्या घराची पश्चिमेची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापे. गेल्या मे महिन्यात याच खोलीत बकुळचं, त्यांच्या लेकीचं, पहिलं बाळ लू लागून गेलं होतं. यंदा दुसरं झालं तेव्हा रमाकांतने पेढेसुद्धा वाटले नाहीत. शेडमधली लेपाची उरलीसुरली पोती आणली आणि भिंती आतून लेपायला घेतल्या.

दुपारी लू सुटली. भिंतीला गाल लावून तो थोडा वेळ उभा राहिला, मग त्याने हाक मारली, "बकुळ, आण गं त्याला."

बकुळ बाळाला घेऊन आली. तिने भिंतीला हात लावला आणि ती रडूच लागली.

"थंड आहे, बाबा," ती म्हणाली. "खरंच थंड आहे."

पाळणा भिंतीला लागून ठेवला. रमाकांतने नातवाच्या कपाळावरून बोट फिरवलं, तसा तिथे पांढरा ठिपका उठला. बाळ शिंकलं.

"तीट काळी लावतात," म्हणत कुसुमावती पदराने पुसायला वाकली.

रमाकांतने तिचा हात धरला. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत त्याला बोलता येईना.

"राहू दे," तो म्हणाला. "काळ्याने आजवर आपलं काय भलं केलंय?"