हाकेला ओ

"शाल्मली, मध्ये बोलू नको!" सर तिसऱ्यांदा ओरडले. नव्या एआरएम चिपच्या बोर्डावर त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम गोठत होती आणि सर बोर्डालाच शिव्या घालत होते.

धुमसत ती जागेवर आली. जात्याशी बोलावं तशी बोर्डाशी बोलली, "हाका मारून घसा सुकला ना रे? आमचा कोड ऐकतो, पण ओ देत नाही." इंटरप्टची, म्हणजे काम थांबवून बोर्डानं मध्येच मारलेल्या हाकेची, पोच देणारी राहून गेलेली ओळ तिनं लिहिली. बोर्ड सुरळीत चालू लागला.

दुपारी सर ग्राहकांना म्हणाले, "मीच शोधलं."

"काय चुकलं होतं?" ग्राहकांनी विचारलं.

सर वळले. "शाल्मली?... शाल्मली!... अगं शाल्मली!"

तिसऱ्या हाकेला तिनं मान वर केली. "हाकेला ओ कुणी देत नव्हतं, सर. सगळं कसं अडतं, ते दिसलं ना?"