तळघरातला प्रयोग

नव्या विद्यार्थिनीनं प्राध्यापकांपुढे दोन बाटल्या ठेवल्या. "सर, अंधारात तापवलेलं द्रावण पाण्यासारखं पातळच राहिलं. खिडकीत ठेवलेलं, न तापवताही मधासारखं घट्ट झालं. रेणूंच्या साखळ्या उष्णतेनं नाही, उजेडानं वाढतात." प्राध्यापकांनी पंचवीस वर्षं उष्णतेचेच गोडवे गायले होते; त्यांच्या शेगडीवर ऊन पडायचं, हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना अंधाऱ्या तळघरात काम करणारी जुनी विद्यार्थिनी आठवली. तिथे तिचा प्रयोग एकदाही जमला नाही, तेव्हा त्यांनी तिला सगळ्यांदेखत कामचुकार ठरवून घालवून दिलं होतं. दुपारी धीर करून त्यांनी तिला फोन लावला. "चूक माझी होती. परत ये, पदवी पूर्ण कर." "माझ्या मुलीला रसायनशास्त्र घ्यायचं होतं, सर," ती म्हणाली. "ते आपल्या रक्तातच नाही, असं सांगून मीच अडवलं."