घशाचं माप

थोरल्याने सोनेरी डबीतून ख्रिस्तशरीर मानलेली भाकरीची पांढरी चकती काढून आईच्या जिभेवर ठेवली. आईने ‘आमेन’ म्हणायला ओठ हलवले तोच खोकल्याची उबळ आली आणि भिजलेली चकती तिच्या हनुवटीवर येऊन चिकटली.

थोरला दोन पावलं मागे सरला. चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, आटोपली की आजाऱ्यांच्या घरी कम्युनियनची ही चकती पोचवायला चर्चने त्याला नेमलं होतं. कडक इस्त्रीचा सदरा, छातीशी डबी, आणि चेहऱ्यावर असा भाव की स्वर्गाच्या किल्ल्या याच्याच खिशात आहेत. आईकडे तो आठवड्यातून हीच दहा मिनिटं यायचा. बाकी भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं धाकट्या बहिणीच्या अंगावर.

धाकटी चार वर्षांत मिस्सेला गेली नव्हती. आईला एकटं टाकून जाणार कशी, हे सांगायचं कारण. दादाला वेदीशेजारी हात जोडून उभा बघितला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, हे खरं कारण.

थोरल्याने पेलाभर पाणी मागितलं. तोंडातून पडलेलं ख्रिस्तशरीर पाण्यात विरघळवायचं असतं, असा नियमही सांगितला. पण ते उचलायला काही तो पुढे होईना. वर म्हणाला, “आता हे बंदच करू या. फादरशी बोलतो मी. असा अवमान बरा नाही.”

आईला सगळं ऐकू येत होतं. रविवार कधी आहे, एवढं एकच ती हल्ली विचारायची. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

ते बघून धाकटीचं डोकं फिरलं. तिने हनुवटीवरची चकती बोटाने उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

थोरला पांढराफटक पडला. “पापकबुली नाही, उपास नाही, आणि तू...”

“रोज तिचं उष्टं मीच खाते, दादा. आज त्यात देव होता, एवढंच.” तिने पदराने आईची हनुवटी पुसली. “दोन महिने तिला घट्ट काही गिळवत नाही. सगळं गाळून घालते मी. कधी विचारलंस? आता दुसरी काढ.”

डबीत तीनच उरल्यात आणि जायचं आहे तीन घरी, असं तो पुटपुटला.

“मग एक मोड. मोडून वाटायचीच वस्तू आहे ना ती?”

थोरल्याने डबी पुन्हा उघडली. त्याने एक चकती मधोमध मोडली आणि अर्धी आईच्या तोंडाशी नेली.

धाकटीने त्याचं मनगट धरलं. “हे तुझ्या घशाचं माप झालं. लहान कर.”

त्याने पुन्हा मोडली.

“अजून,” ती म्हणाली.