तळाचे करडे चौकोन

"सांगून कुणाला पटायचं नाही," असं म्हटल्याशिवाय दादाचा ब्रश चालतच नसे. नोकरीतल्या आपल्या पाणबुडीच्या, रिमोटवर पाण्यात बुडणाऱ्या हातभर प्रतिकृतीवर गंजाचे ओघळ रंगवता रंगवता तो भाचीला सांगत होता, "तुझी आजी गेली ना, तो अख्खा उन्हाळा आम्ही समुद्राच्या पोटात. एक देवमाशीण बोटीच्या प्रेमात पडून आठवडाभर मागे मागे फिरत होती. तिला ओलांडून निरोप यायचा कसा?"

भाची खिदळली. त्याची धाकटी बहीण चहाचे कप गोळा करत होती. आईचं आजारपण तिने एकटीने काढलं होतं. पण समुद्रापुढे माणूस काय करणार, म्हणून दादाला तिने कधीच माफ करून टाकलं होतं.

भाचीने पाणबुडी उलटी केली. "मामा, तळाला तांबडा रंग लावायचा राहिला की. हे करडे चौकोन बघ."

"राहिला नाही, राखलाय," दादा खुलला. "रंगवायला बोट सुक्या गोदीत आणतात, पाणी उपसून लाकडी ठोकळ्यांवर बसवतात. ठोकळे टेकतात तिथे ब्रश जात नाही, जुना रंग तसाच राहतो."

"एवढं नेमकं आठवतं तुला?"

"न आठवायला काय झालं? त्याच उन्हाळ्यात इथल्याच गोदीत रंग झाला. रोज खाली उभा राहून बघायचो मी."

बहिणीने कप खाली ठेवले.



"म्हणजे आई दाराकडे बघत गेली, दादा, तेव्हा तू चार गल्ल्या पलीकडे होतास."