कोरड्या टबात

अप्पांनी चपला काढल्या, देवळात शिरावं तसे शोरूममधल्या कोरड्या बाथटबात शिरले आणि आडवे झाले. "हाच घ्यायचा," ते पडल्या पडल्या म्हणाले.

ब्याऐंशी वर्षांचे माझे वडील मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले, म्हणून ती नव्याने करायची होती. मला साधा शॉवर हवा होता, बसायला स्टूल आणि भिंतीला धरायला दांडी. पण अप्पांच्या मते दांडी म्हाताऱ्यांना लागते. जन्मभर बादली-तांब्यानं आंघोळ केलेल्या माणसानं टबाचा हट्ट धरला तो केवळ ती दांडी टाळायला.

आता ते उठायला गेले आणि उठता येईना. गुळगुळीत काठावरून हात दोनदा सटकला. मग ते छताकडे बघत राहिले, जणू छतही विकत घ्यायचं होतं. सेल्समननं हात पुढे केला. अप्पांनी मान फिरवली. त्यांचे कान लाल झाले होते.

मी चपला काढून त्यांच्या समोर टबात बसलो.

"साहेब, एका वेळी एकानंच..." सेल्समन कळवळला.

"अप्पा, मलाही उठता येत नाहीये," मी म्हणालो. खोटंच सांगायचं ठरवलं होतं, पण ते खरं निघालं.

सेल्समननं आम्हाला एकेक करून बाहेर ओढलं. अप्पांनी सदरा नीट केला.

"टब राहू द्या, शॉवर दाखवा," ते त्याला म्हणाले. "आणि भिंतीला दांडी हवी, चांगली भक्कम. मुलगा बावन्न वर्षांचा झालाय माझा."