पाच हजार पावलं

"नऊशे चाळीस," अभय फोनवर म्हणाला. "तात्या, हा काय आकडा झाला? एवढी पावलं तर माणूस घरात चष्मा शोधताना टाकतो."

"माझा चष्मा कपाळावर असतो. शोधावा लागत नाही," तात्याराव म्हणाले.

घड्याळ त्यांच्या मुलाने, अभयनेच आणून दिलं होतं. आत सिमकार्ड. पावलं, चढलेले जिने, नाडीचे ठोके, सगळं थेट अभयच्या मोबाइलवर. अट एकच होती. दिवसाला पाच हजार पावलं. सलग तीन दिवस कमी भरली, की विश्रांतवाडीच्या फ्लॅटला कुलूप आणि तात्यांनी हडपसरला, अभयच्या चौदाव्या मजल्यावर राहायला यायचं. आज दुसरा दिवस होता.

तात्यारावांचं वय अठ्ठ्याहत्तर. बायपास झालेली, साखर कायमची मुक्कामाला, उजवा कान नावापुरता आणि गुडघे असे की गेटपर्यंत जाऊन आलं की संपावर जायचे. पण माणूस मजेत होता. रोज दहाला सोसायटीच्या हॉलमध्ये कॅरम, चौघांची वयं मिळून तीनशेच्या वर. बुधवारी अर्धी मिसळ, पाव वगळून, म्हणजे पथ्य पाळल्याचंही समाधान. संध्याकाळी माउथऑर्गन. दोन वर्षं शिकत होते आणि शेजाऱ्यांनी अजून लेखी तक्रार केली नव्हती. हे सगळं सोडून चौदाव्या मजल्यावर जाऊन करायचं काय? ढग मोजायचे?

तिसऱ्या दिवशी आकडा आला सात हजार दोनशे.

अभयने चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग फोन केला.

"तात्या, कमाल केलीत!"

"मनात आणलं की होतं," तात्याराव म्हणाले आणि विषय बदलला.

त्यानंतर आकडा खाली आलाच नाही. आठ हजार, नऊ हजार, एका शुक्रवारी तर अकरा. शिवाय जिने. कधी दहा मजले, कधी बारा.

"अहो, लिफ्ट आहे ना? गुडघ्यांचं काय?"

"लिफ्टने गेलेलं तुझं घड्याळ मोजतं का?"

रविवारी अभय भेटायला यायचा, तेव्हा घड्याळ तात्यांच्या मनगटावर ऐटीत बसलेलं असे. त्या दिवशी पावलं मात्र जेमतेम आठशे. "रविवारी पायांना सुट्टी," तात्या सांगत. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, त्यामुळे अभयला ते पटलंही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर पूर्णिमांनी सुजलेले गुडघे दाबून बघितले, मग अभयच्या मोबाइलवरचे आकडे बघितले.

"या गुडघ्यांनी रोज नऊ हजार? पुस्तकात बसत नाही हे."

"पुस्तक बदला," तात्याराव म्हणाले.

डॉक्टर हसल्या. "रक्तदाब छान आहे, चेहरा छान आहे. जे काय करताय ते चालू ठेवा."

घरी राधाबाई सकाळ-संध्याकाळ पोळ्या करायला येत. साठी उलटलेली, पाच घरची कामं आणि जिभेला धार. तात्यांच्या ताटात बटाट्याची एक फोड जास्त जायची नाही. त्या संध्याकाळी आल्या आणि ओट्याकडे न जाता स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही. जरा गरगरलं. उपास होता."

"डॉक्टरांना दाखवून घ्या."

"मला काय धाड भरलीय? तुमचं बघा आधी. आज किती झाली?"

"साडेनऊ हजार, अभयचा फोन होता."

"मग टळलं तुमचं हडपसर," राधाबाई हसल्या आणि तवा गॅसवर ठेवला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला डाव ऐन रंगात होता. राणी तात्यांच्या टप्प्यात आली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"वाजू दे! राणी घे आधी," समोरून दत्तोबा ओरडला.

तात्यांनी फोन घेतला.

"तात्या, कुठे आहात?" अभयचा आवाज कापत होता.

"हॉलमध्ये. बोल."

"तिथेच बसा. उठू नका, चालू नका. घड्याळाने आत्ता इशारा दिलाय. तुमचे ठोके चौतीसवर आलेत. डॉक्टरांशी बोललोय, ॲम्ब्युलन्स निघालीय, पाच मिनिटांत सोसायटीत येईल."

स्ट्रायकर तात्यांच्या हातातून सुटून बोर्डावर गरगरत गेला.

"डॉक्टर काय म्हणाल्या? खरं सांग."

"वेळेत पोचलं तर घाबरायचं काही कारण नाही म्हणाल्या. छोटं यंत्र बसवतात, आठवड्यात माणूस हिंडायला लागतो. पण उशीर नको. तात्या, घाबरू नका हं. बरं झालं घड्याळ होतं."

तात्यारावांनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. खिडकीतून त्यांची गॅलरी दिसत होती. दांडीवर राधाबाईंनी सकाळी वाळत घातलेला पंचा होता, कठड्यावर विसरलेला माउथऑर्गन होता. त्यांचे डोळे भरून आले. दत्तोबा पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला, तो त्यांनी हातानेच परत पाठवला.

"अभय, मी हडपसरला येतो. बॅग आजच भरतो."

"ते नंतर बघू हो! आता एक शब्द बोलू नका."

"ऐक आधी. ती ॲम्ब्युलन्स माझ्याकडे नको. समोरच्या बी विंगला वळव, तिसरा मजला, सबनीसांकडे. राधाबाई या वेळेला तिथे पोळ्या लाटत असतात."