परतीचं तिकीट

“दादा, परतीचं तिकीट कायले काढलं तुमी?” उदयसिंगनं हार हातात धरूनच विचारलं.

सुभेदार दौलतसिंगनं तिकीट वरच्या खिशात सारलं. सन अठ्ठावीस ते छप्पन्न फौजेत काढून माणूस पेन्शनीत निघून आपल्या बंजारा तांड्यावर येतो आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत निघतो, हे काय वागणं झालं? धाकट्या भावानं त्याच्यासाठी घराला लागून नवी खोली बांधली होती. खाटसुद्धा विणून ठेवली होती.

सत्कार मात्र झोकात झाला. जऊळका स्टेशनापासून डफडं वाजवत मिरवणूक आली. बाया नाचल्या, त्यांच्या कानशिलांवरच्या चांदीच्या घुगऱ्या किणकिणल्या. सवाष्णीचं लेणंच ते. मंगरूळपीरहून आलेल्या नायब तहसीलदारांनी दौलतसिंगला शाल पांघरवली आणि थट्टेनं विचारलं, “सुभेदारसाहेब, संसार नाही थाटला?”

तांड्यातली जुनी माणसं एकमेकांकडं पाहू लागली.

“बंदुकीसंगच झाला, साहेब,” दौलतसिंग हसला. ते हसू पाहून म्हाताऱ्या लखीराम नायकाला वाईट वाटलं.

“बरं, आता घरच्या बाईनं ओवाळावं,” साहेब म्हणाले.

उदयसिंगची बायको गोमतीबाई तबक घेऊन आली. थोरले दीर समोर, म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दौलतसिंगनं मान खालीच ठेवली. पंचेचाळीसला लढाई संपल्यापासून तो सुट्टीवर आला तरी दोन दिवसांवर टिकत नसे, आणि या दोघांना बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. रीतच तशी.

ऊन कललं, लोक पांगले. दौलतसिंग नव्या खोलीत गेला, खाटेवरून एकदा हात फिरवला. राहावंसं त्याला फार वाटत होतं. कुठं जायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तरी त्यानं पेटी उचलली.

“राहा ना, दादा! माह्यं काय चुकलं?” उदयसिंग रडकुंडीला आला.

“तुह्यं नाही चुकलं रे. कोनाचंच नाही चुकलं. मले घराची सवय नाही राह्यली.”

दाराआडून गोमतीबाई पुढं आली. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. तिनं ती त्याच्यासमोर सोडली. आत काळ्या पडलेल्या जुन्या घुगऱ्यांची जोडी होती.

“ह्या घेऊन जा,” ती म्हणाली. “लढाईत तुमी मेल्याची तार आली, तवा बायांनी माह्या कानशिलावरून उतरवल्या होत्या.”